सावळा रंग, खिडकीतला उजेड

कॅमेरा हातात घेतला की आमच्या काकूचं वाक्य ठरलेलं असतं. "नको गं बाई, माझा फोटो कधी धड येत नाही. रंगच असा." घरोघरी ऐकू येणारं हे वाक्य पोर्ट्रेट शिकणाऱ्याने सगळ्यात आधी मनातून काढून टाकावं. त्यात ना रंगाचा दोष असतो, ना चेहऱ्याचा.

कॅमेऱ्याच्या मीटरला माणूस गोरा की सावळा हे कळत नाही. समोरचं सगळं दृश्य सरासरीने मध्यम करडं असणार, असं ते धरून चालतं. काकू चुन्याच्या पांढऱ्या भिंतीपुढे उभी राहिली की मीटरला उजेड फार वाटतो, ते एक्स्पोजर उतरवतं. भिंत करडी पडते आणि काकूचा चेहरा काळवंडतो. अशा वेळी एक्स्पोजर एक स्टॉप वाढवायचं. फोनवर चेहऱ्यावर बोट टेकवून उजेडाची पट्टी थोडी वर सरकवली तरी काम होतं. रंगीत फिल्मच्या काळात तर हा अन्याय यंत्रातच भरलेला होता. रंग जुळवण्यासाठी कोडॅक लॅबना जी 'शर्ली कार्डं' पाठवायची, त्यांवर कित्येक वर्षं गोऱ्या बाईचाच चेहरा असायचा. म्हणून मनापासून सांगते, चेहरा उजळ करणारे फिल्टर वापरू नका. आपल्या माणसाचा रंग आहे तसा टिपणं हाच तर या छंदाचा पहिला धडा.

काकूचा मला आवडणारा फोटो मी सकाळी नऊच्या सुमारास काढला. ती खिडकीशी तांदूळ निवडत बसली होती. ट्यूबलाइट मी बंद केली, कारण ट्यूबचा आणि आभाळाचा उजेड वेगळ्या रंगाचा असतो आणि दोन्ही मिसळले की कातडी आजारी दिसते. खिडकीच्या उलट बाजूला खुर्चीच्या पाठीवर पांढरी चादर टाकली. तेवढ्याने गालावरची गडद सावली जराशी उघडली. मांडीवरच्या स्टीलच्या ताटातून उजेड उसळून हनुवटीखाली पोचला. आणि गालाच्या हाडावर चमकेची एक बारीक रेघ उमटली. सावळ्या चेहऱ्याची ठेवण या चमकेतूनच कळते. खिडकी ती देते, कॅमेऱ्यावरचा फ्लॅश समोरून आदळून तिचा ठिपका करून टाकतो.

भरपूर ऊन म्हणजे चांगला फोटो, हीही अशीच एक समजूत. दुपारी बाराचं ऊन थेट डोक्यावरून येतं, भुवयांखाली डोळे बुडतात, नाकाखाली काळा डाग पडतो. त्यापेक्षा पडवी, दाराची चौकट, ढगाळ दिवस कितीतरी बरे.

"फोनमध्ये माझं नाक मोठं येतं" ही तक्रार मात्र खरी आहे. पण तो दोष लेन्सचा नाही, अंतराचा आहे. नाकाचं टोक आणि कान यांच्यात साधारण 10 सेंटिमीटर अंतर धरा. फोन नाकापासून 30 सेंटिमीटरवर असला तर कान 40 वर, म्हणजे नाक कानाच्या मानाने तेहतीस टक्के मोठं दिसणार. दीड मीटर मागे गेलात तर हा फरक सात टक्क्यांच्या आत येतो. मागे सरा आणि झूम करा. 85 मिलिमीटरची लेन्स पोर्ट्रेटला चांगली म्हणतात ती याचसाठी, की तिने चेहरा फ्रेममध्ये भरताना आपोआप लांब उभं राहावं लागतं.

मागचं सगळं धूसर केलं की पोर्ट्रेट झालं, असंही नाही. फुल फ्रेम कॅमेऱ्यावर हीच लेन्स एफ 1.8 वर ठेवून दीड मीटरवरून फोटो घेतला तर जेमतेम साडेतीन सेंटिमीटर खोलीच स्पष्ट येते. जवळच्या डोळ्यावर फोकस केला तर कान गेलाच, मान जरा वळलेली असेल तर दुसरा डोळाही जातो. शिवाय काकूच्या मागची मांडणी, बरण्या, कॅलेंडर ही तिचीच ओळख आहे. ती का पुसायची?

मेगापिक्सेलसाठी पैसे साठवत बसू नका. उत्तम प्रतीच्या ए-फोर प्रिंटला नऊ मेगापिक्सेलही लागत नाहीत. वयाचंही तसंच. कोलकात्यात जन्मलेल्या ज्युलिया मार्गारेट कॅमेरॉन यांना पहिला कॅमेरा 1863 साली, वयाच्या 48व्या वर्षी, मुलीकडून भेट मिळाला. पोर्ट्रेटच्या इतिहासात आज त्यांचं नाव पहिल्या रांगेत आहे.

काकूने तो फोटो पाहिला आणि म्हणाली, "ही मी वाटतच नाही." काकांना मात्र तो हुबेहूब वाटला. याचंही कारण आहे. आपण स्वतःला जन्मभर आरशात उलटं पाहतो. 1977 सालच्या एका अमेरिकी प्रयोगात लोकांना स्वतःची आरशातली प्रतिमा जास्त आवडली, तर त्यांच्या जवळच्या माणसांना सरळ फोटो. तेव्हा घरच्या कुणी "नको, पुसून टाक" म्हटलं तर घाई करू नका. प्रिंट काढा, आठवडाभर घरात राहू द्या आणि मग पुन्हा विचारा.