टेपचं दुसरं टोक

मोजणीला दोन माणसं लागतात. एकजण टेपची डबी धरून चालत जातो, दुसरा शून्याचं टोक भिंतीच्या कोपऱ्याला दाबून उकिडवा बसतो. आर्किटेक्चरच्या कुठल्याही कॉलेजात हे शून्याचं टोक ज्युनिअरच्या वाट्याला येतं. त्याला आकडा दिसत नाही, वहीत काय उतरतंय तेही दिसत नाही. ऊन मात्र दोघांना सारखंच लागतं. पण पाच वर्षांच्या या शिक्षणात कामाची म्हणून जी माहिती असते, म्हणजे कुठली स्पर्धा खरी, कुठल्या ऑफिसात ट्रेनिंग केलं तर काही शिकायला मिळतं, कुठल्या शिष्यवृत्तीचा अर्ज वर्षभर आधी भरावा लागतो, ती त्याला बहुधा असं टोक धरून बसलेलं असतानाच कळते. नोटीस बोर्ड त्यामानाने सावकाश चालतो.

रायपूरच्या एनआयटीतल्या आर्किटेक्चर विभागाचा विचार करताना मला आधी ही टेप आठवते, कारण या शहरात मोजायचं राहिलेलं फार आहे.

नागपूरहून हावड्याकडे निघालेली गाडी साधारण तीनशे किलोमीटरवर रायपूरला येते. मराठी माणसाला हे गाव अगदीच परकं नाही. तात्यापारा, लाखेनगर अशी नावं कानावर पडतात, चौबे कॉलनीत महाराष्ट्र मंडळ आहे. लाखेनगरातले लाखे म्हणजे सहकारी चळवळीतले वामनराव लाखे. माधवराव सप्रेही इथलेच. घरचे मराठी, पण हिंदी पत्रकारितेत त्यांचं नाव ‘छत्तीसगढ मित्र’मुळे राहिलं.

जी. ई. रोडवरच्या या संस्थेची कोनशिला राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांनी 14 सप्टेंबर 1956 रोजी बसवली. त्या दिवशी रायपूर ज्या राज्यात होतं त्याची राजधानी नागपूर होती. सात आठवड्यांच्या आत, 1 नोव्हेंबरला राज्यांची पुनर्रचना झाली, नागपूर मुंबई राज्यात गेलं आणि रायपूरचा कारभार भोपाळहून चालू लागला. 1 नोव्हेंबर 2000 रोजी छत्तीसगड झालं आणि रायपूर स्वतःच राजधानी झालं. एकाच दगडाने जागचं न हलता तीन राजधान्या पाहिल्या. मधल्या काळात, 14 मार्च 1963 रोजी, पंडित नेहरूंच्या हस्ते उद्घाटन झालं. सुरुवातीला इथे दोनच विषय होते, खाणकाम आणि धातुशास्त्र. शेजारी भिलाईचा पोलाद कारखाना उभा राहत होता, तेव्हा ते साहजिकच होतं. खाणवाल्यांच्या या घरात आर्किटेक्चर नंतर आलं, आणि 1 डिसेंबर 2005 पासून सगळं कॉलेज एनआयटी झालं.

प्रवेशाची वाट जेईई मेनच्या पेपर दोनमधून जाते. गणित आणि कलचाचणी संगणकावर; चित्र मात्र अजूनही कागदावर, पेन्सिलीने. मग जागावाटप करणाऱ्या जोसाची फेऱ्याफेऱ्यांची समुपदेशनं. एनआयटीत निम्म्या जागा त्या राज्यातल्या मुलांसाठी असतात, उरलेल्या देशभरच्या. त्यामुळे एकाच स्टुडिओत सरगुजाचा मुलगा आणि पुण्याची मुलगी शेजारशेजारच्या टेबलांवर बटर पेपर पसरून बसू शकतात. पुण्याच्या मुलीला ‘परछी’ म्हणजे काय ते शेजारच्याला विचारावं लागतं. पडवी, पण अगदी पडवी नाही. छत्तीसगडी घराची परछी, गुरांचा कोठा, मळणीचा बियारा आणि मागची भाज्यांची बाडी यांचा क्रम एकदा कळला की अर्धा प्लॅन आपोआप निघतो.

आता बातम्यांचं. आर्किटेक्चरच्या विद्यार्थ्याच्या फोनवर रोज इतक्या ‘संधी’ येतात की खरी कुठली हे ओळखणं हाच एक अभ्यासक्रम व्हावा. एका बऱ्यापैकी मोठ्या वर्गातल्या फॉरवर्डांचा मोठा भाग म्हणजे फी घेऊन चालणाऱ्या ऑनलाइन डिझाइन स्पर्धा. फी भरा, दोन शीट पाठवा, सहभागाचं प्रमाणपत्र घ्या. कधी परग्रहावरचं घर, कधी तरंगतं वाचनालय. जागा नाही, माती नाही, मालक नाही. मला या प्रकाराबद्दल ममत्व नाही. पोर्टफोलिओची पानं त्याने भरतात, पण ज्युरीत बसलेला अनुभवी माणूस ती पानं दोन बोटांनी उलटतो.

खऱ्या गोष्टी मोजक्याच आहेत आणि त्यांच्या अटी रुक्ष असतात. पुढे एम.आर्क. किंवा प्लॅनिंग करायचं तर गेटचा ‘आर्किटेक्चर आणि प्लॅनिंग’ हा पेपर. गुण तीन वर्षं चालतात आणि सरकारी संस्थेत पूर्णवेळ प्रवेश मिळाला तर महिना 12,400 रुपये मिळतात. दिल्ली, भोपाळ आणि विजयवाडा इथल्या एसपीएकडे, म्हणजे स्कूल ऑफ प्लॅनिंग अँड आर्किटेक्चरकडे, याच वाटेने जाता येतं. डिझाइनकडे वळायचं तर आयआयटी मुंबई घेते ती सीड परीक्षा. परदेशासाठी 1892 पासून चालू असलेली जे. एन. टाटा एन्डाउमेंटची कर्जशिष्यवृत्ती आहे, तिशीच्या आतल्यांसाठी इनलॅक्स आहे, आणि जुन्या वास्तूंच्या जतनात काम करणाऱ्यांना ब्रिटनला पाठवणारा चार्ल्स वॉलेस ट्रस्ट आहे. फुलब्राइट-नेहरूच्या मास्टर्स फेलोशिपला निदान तीन वर्षांची नोकरी लागते; तरी दरवर्षी कोणीतरी पाचव्या वर्षाला असतानाच तो अर्ज उघडून बसतो आणि शेवटच्या पानावर हिरमुसतो. असं काही वरच्या वर्गाने सांगितलं तर एक रात्र वाचते.

अर्ज कुठलाही असो, तुम्ही स्वतः काय पाहिलंत, काय मोजलंत, हे तो कुठल्या ना कुठल्या रकान्यात विचारतोच. नासा म्हटलं की घरच्यांना अंतराळ आठवतं, पण आर्किटेक्चरच्या मुलांची नासा म्हणजे देशभरच्या कॉलेजांची 1957 पासूनची विद्यार्थी संघटना. तिच्या वार्षिक स्पर्धांतली लुई कान ट्रॉफी ही निव्वळ नोंदणीची आहे. नवं काही डिझाइन करायचं नाही. असलेलं काटेकोर मोजून काढायचं. प्लॅन, सेक्शन, एलिव्हेशन, दाराच्या चौकटीची खाच, कौलाचा उतार. कॉलेजातली पोरं पंधरा-वीस जणांच्या टोळीने गावात जाऊन राहतात आणि परत येतात ती अंगभर धूळ आणि वह्या भरून आकडे घेऊन. मोठ्या शहरांच्या आसपासचे वाडे आणि घाट एव्हाना किती वेळा मोजून झालेत कोण जाणे. रायपूरच्या भोवती तशी गर्दी नाही.

उदाहरणार्थ सिरपूर. रायपूरहून साधारण ऐंशी किलोमीटर, महानदीच्या काठी. तिथलं लक्ष्मण मंदिर विटांचं आहे, सातव्या शतकाच्या आसपासचं; महाशिवगुप्त बालार्जुनाची आई वासटा हिने पती हर्षगुप्ताच्या स्मरणार्थ बांधलेलं. जोतं दगडी, दाराची चौकट दगडी, तिच्यावर शेषशायी विष्णू. बाकी सगळी वीट. विटेवर कोरलेल्या खोट्या खिडक्या जवळून पाहिल्या की कळतं, हे कारागीर वीट रचून मग तिला दगडासारखी कोरत होते. याच सिरपुरात 1953 ते 1956 या काळात सागर विद्यापीठातर्फे उत्खनन झालं, ते मोरेश्वर गंगाधर दीक्षित या मराठी पुरातत्त्वज्ञाच्या देखरेखीखाली. प्राचीन मणी आणि काच यांचे हे जाणकार. त्यांना इथे बौद्ध विहार सापडले, आनंदप्रभ भिक्षूचा विहार आणि स्वस्तिक विहार. मधलं अंगण, भोवती खोल्या, समोर बुद्धमूर्तीचं दालन: असा विहाराचा प्लॅन दुसऱ्या वर्षाच्या मुलालाही एका बैठकीत समजतो, आणि तो का टिकला हे समजायला बराच काळ जातो. संरक्षित स्मारक मोजायचं तर पुरातत्त्व खात्याची लेखी परवानगी लागते. विभागप्रमुखांच्या सहीचं पत्र घेऊन त्या टेबलावरून या टेबलावर फिरणं हेही मग शिक्षणातच मोजायचं.

दुसरी गोष्ट अधिक अलीकडची, आणि माझ्या मते आर्किटेक्चरच्या प्रत्येक मुलाला पहिल्याच वर्षी सांगावी अशी. भोपाळचं भारत भवन 1982 साली उघडलं. इमारत चार्ल्स कोरियांची. तिथल्या कलासंग्रहालयाची जबाबदारी चित्रकार जगदीश स्वामिनाथन यांच्याकडे होती. त्यांनी संग्रह जमवायला दलाल नेमले नाहीत. कलेच्या विद्यार्थ्यांच्या तुकड्या केल्या आणि त्या वेळच्या अखंड मध्य प्रदेशातल्या खेड्यांमध्ये सोडून दिल्या: जा, बघा, घेऊन या. अशाच शोधात सरगुजातल्या पुहपुटरा गावी सोनाबाई रजवार यांचं घर भारत भवनच्या माणसांना सापडलं.

या बाईंनी वर्षानुवर्षं जवळजवळ एकटेपणात आपलं मातीचं घर घडवलं होतं. भिंतींवर उठावाची माणसं, पक्षी, गुरं. आणि परछीत जाळ्या. या जाळ्या समजून घेण्याजोग्या आहेत. बांबूच्या पातळ कामट्या वाकवून त्यांची वेटोळी करायची, ती एकमेकांना बांधायची, वर भुसा घातलेला चिखल चढवायचा आणि वाळला की रंगवायचं. अंगणातलं रखरखीत ऊन त्या गोल भोकांतून आत येतं ते ठिपक्यांचं होऊन. वारा येतो, नजर अडते. आज ‘पॅसिव्ह कूलिंग’ या नावाखाली ज्यावर परिसंवाद भरतात, ते काम घरच्या बांबूत आणि दारच्या मातीत झालेलं होतं. पुढे त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, त्यांचं काम परदेशातल्या संग्रहालयांत गेलं. 2007 साली त्या वारल्या, पण रजवार बायकांचं हे भिंतकाम आज सरगुजाच्या नावाने ओळखलं जातं. विद्यार्थ्यांच्या त्या तुकड्यांना तेव्हा यातलं काय कळलं असेल? ते गेले होते, एवढं पुरे झालं.

कलाकृती संग्रहालयात जाते. घराचा सेक्शन मात्र कोणीतरी काढावा लागतो. जाळीतल्या भोकाचा व्यास, कामट्यांमधलं अंतर, चिखलाचा थर, दुपारी दोन वाजता आतलं आणि बाहेरचं तापमान: पाचव्या वर्षाचा एक अख्खा थीसिस त्या परछीत बसतो. छत्तीसगडचा शेतकरी मातीला एकाच नावाने हाक मारत नाही. कन्हार, डोरसा, मटासी, भाटा अशी जमिनीची नावं आहेत, आणि लिपायला वेगळी पांढरी छुही. मातीच्या बांधकामाचं शिक्षण देणारी जागतिक केंद्रं आहेत, फ्रान्समध्ये ग्रेनोबलला क्रातेर, आपल्याकडे ऑरोविलची अर्थ इन्स्टिट्यूट. तिथल्या कार्यशाळेत मातीची बाटलीतली चाचणी शिकून आलेल्या मुलाने सुट्टीत आपल्या आजोबांना विचारावं, भिंतीला कुठली माती घेतली होती. उत्तर एका शब्दात मिळेल.

शहराच्या आत वेगळंच प्रकरण आहे. रायपूर हे तळ्यांचं गाव. बुढा तालाब, महाराजबंध, तेलीबांधा. रजबंधा मैदानावर आज इमारती आहेत, ‘बंधा’ फक्त नावात उरलाय. तेलीबांध्याच्या काठाला सुशोभित केल्यावर लोक त्याला मरीन ड्राइव्ह म्हणू लागले. मुंबईकराने हसू नये, समुद्र नसलेल्या गावाला तेवढी मुभा आहे. आणि या जुन्या गावापासून वीसेक किलोमीटरवर नवा रायपूर, अटल नगर. पाटीवर रेघा मारून काढलेली राजधानी. 2012 साली मंत्रालय तिकडे महानदी भवनात गेलं. रुंद रस्ते, सेक्टर, आणि मध्येच आपापल्या जागी बसलेली जुनी खेडी. चंदीगड उभं राहताना पाहायला लोक दुरून जात; इथे सकाळच्या सिटी बसने जाऊन संध्याकाळच्या आत परतता येतं. उपरवाऱ्याला पुरखौती मुक्तांगणातली आदिवासी घरांची प्रतिरूपं पाहायची आणि मग रस्ता ओलांडून खऱ्या गावात शिरायचं. माझा सल्ला विचाराल तर क्रम उलटा ठेवा.

ट्रेनिंगचं सत्र आलं की मात्र सगळ्यांची तोंडं बाहेरच्या दिशेला. मुंबई, पुणे, अहमदाबाद, बंगळूर. त्यात गैर काही नाही. आचऱ्याचे अच्युत कानविंदे जे. जे. मधून बाहेर पडले, आणि 1945 साली सरकारने त्यांना हार्वर्डला ग्रोपियसकडे पाठवलं. परतून त्यांनी देशातल्या संशोधन संस्थांच्या इमारती उभ्या केल्या. पुण्यात जन्मलेले बाळकृष्ण दोशी जे. जे. अर्धवट सोडून लंडनला गेले आणि तिथून पॅरिसला ल कोर्बुझिएकडे. पहिले आठ महिने पगार नव्हता. 2018 साली प्रिट्झकर मिळाल्यावर ही गोष्ट सगळ्यांनी कौतुकाने सांगितली. आज ट्रेनींना फुकट राबवणारे काही ऑफिसवालेही हीच गोष्ट सांगतात, तेव्हा मात्र ती ऐकवत नाही. जेवणाचं आणि खोलीभाड्याचं गणित आधी करावं, कोर्बुझिए नंतर.

पदवीनंतर वास्तुकला परिषदेकडे नाव नोंदवल्याशिवाय, 1972 च्या कायद्याप्रमाणे, स्वतःला आर्किटेक्ट म्हणवता येत नाही. तोवर तुम्ही नुसते पाच वर्षं जागलेले पदवीधर. थीसिसच्या शेवटच्या आठवड्यात मॉडेल कापायला ज्युनिअर येतात, चहा-पोह्यांवर. बदल्यात त्यांना पोर्टफोलिओची फाइल, दोन-चार ऑफिसांचे पत्ते, आणि कधी एखादी जुनी टेप मिळते.

ती घेताना एक बघून घ्यावं. जुन्या टेपचं पुढचं टोक झिजलेलं असतं, आकडी सैल झालेली असते, शून्य नक्की कुठे ते कळत नाही. म्हणून जाणती मुलं दहा सेंटीमीटरची खूण कोपऱ्याला लावतात आणि आलेल्या आकड्यातून दहा वजा करतात. वजा करायचं लिहिणाऱ्याने, आणि आठवण द्यायची टोक धरणाऱ्याने. दोघेही विसरले तर रात्री स्टुडिओत प्लॅन जुळत नाही, भिंत भिंतीला मिळत नाही, आणि सकाळी पुन्हा सिरपूरची बस.