पाच मिलिमीटर

फॉर्मॅलिन नाकाच्या आधी डोळ्यांना लागतं. मुंबईतल्या एका रुग्णालयाच्या पॅथॉलॉजी विभागात मी डोळे पुसत उभी होते. समोर ट्रेमध्ये गालाच्या आतला, शस्त्रक्रियेत काढलेला तुकडा होता. सोबतच्या फॉर्मवर ‘सवय’ या रकान्यात एकच शब्द होता : मिश्री, म्हणजे भाजलेल्या तंबाखूची पूड.

इथे यायचं कारण म्हणजे ओळखीच्या एका कुटुंबातल्या कर्करोगाच्या रुग्णाची फाइल. तिच्यात जनुक-तपासणीचा जाडजूड रिपोर्ट होता. टीपी५३, कॅस्प८ अशी नावं आणि पुढे बारीक अक्षरांत बरंच काही. घरच्यांना एवढंच कळायला हवं होतं की माणूस किती वर्षं जगेल. ते त्यात कुठेच नव्हतं.

डॉक्टरबाईंनी कडांना शाई लावली, चकत्या पाडल्या आणि पट्टी धरली. “पाच मिलिमीटरच्या खाली उतरलंय का, हे बघायचं. आत्ता नुसता अंदाज, खरं माप काचेवर.” गाठ वरून किती पसरली याच्याइतकंच ती किती खोल गेली यालाही महत्त्व आहे. कर्करोगाच्या टप्प्यांच्या वर्गवारीच्या आठव्या आवृत्तीत ही खोली आली. गाठ दोन सेंटिमीटरच्या आतली असली, तरी पाच मिलिमीटर ओलांडले की तिची पायरी बदलते.

रात्रभर चकत्या मशीनमध्ये, सकाळी मेणाचा ब्लॉक. मग मायक्रोटोमवरच्या ताई. ब्लॉक बर्फावर गार करून त्या चाक फिरवतात. तीन-चार मायक्रॉनचा पापुद्रा निघताना श्वास रोखतात, कारण फुंकरीनेही तो उडतो. कोमट पाण्यावर तो सायीसारखा पसरतो आणि त्या काच तिरकी घालून अलगद उचलतात. सुरकुती पडली तर तो फेकून पुन्हा चाक. मी बराच वेळ तिथून हललेच नाही.

जनुकांची तपासणीही याच ब्लॉकवर होते. रंगवलेल्या स्लाइडवर डॉक्टरबाई पेनाने गाठीचा भाग आखून देतात आणि न रंगवलेल्या स्लाइडवरून तेवढाच भाग खरवडला जातो. निरोगी पेशी फार मिसळल्या तर बदल झाकला जातो. शिवाय जे फॉर्मॅलिन ऊतक टिकवतं, तेच डीएनएचे तुकडे करतं.

तोंडाच्या कर्करोगाच्या जनुक-संशोधनात आपल्याकडचं काम मोलाचं आहे. खारघरचं ॲक्ट्रेक हे कर्करोग संशोधन केंद्र आणि बंगालमधल्या कल्याणीची संस्था यांच्या शास्त्रज्ञांनी 2013 मध्ये गाल-हिरडीच्या कर्करोगातल्या जनुकीय बदलांचा नकाशा मांडला. पण तो नकाशा एकेका माणसाचं भविष्य सांगत नाही. तंबाखूमुळे झालेल्या तोंडाच्या कर्करोगात टीपी५३ बहुतेकदा बिघडलेलंच असतं. जे बहुतेकांत आहे, ते माणसामाणसांत फरक काय करणार? त्याचा बिघाड कोणत्या जातीचा, यावरून थोडा फरक दिसतो खरा. आयुर्मान सांगणाऱ्या जनुकांच्या याद्याही निघतात, पण एका गटाची यादी दुसऱ्याच्या रुग्णांवर क्वचितच टिकते.

याउलट टाटा रुग्णालयाने 2015 मध्ये दाखवलं ते साधं होतं. सुरुवातीच्या टप्प्यातल्या रुग्णांत मानेतल्या ग्रंथी पहिल्याच शस्त्रक्रियेत काढल्या, तर तीन वर्षांनी 80 टक्के जिवंत होते. ग्रंथींत रोग दिसेपर्यंत थांबलं, तर 67.5 टक्के. एवढा फरक दाखवणारं जनुक मला कुणी दाखवावं. रेडिएशन लागणार असेल, तर ते शस्त्रक्रियेनंतर साधारण सहा आठवड्यांत सुरू व्हावं लागतं. गावाकडून आलेल्या माणसाला तेवढे दिवस मुंबईत राहायला जागा मिळते का, ते कुठल्याच रिपोर्टात येत नाही.

मिश्रीवाल्या बाईंची काच लावली. शेजारच्या निरोगी आवरणाच्या तळाची रेघ धरून डॉक्टरबाईंनी गाठीच्या सर्वांत खोल टोकापर्यंत मोजलं. सात. म्हणजे पाच मिलिमीटर ओलांडलेच होते. जनुकांसाठीच्या स्लाइड ताईंनी डबीत भरून बाहेर पाठवल्या. डॉक्टरबाई दुसऱ्या रुग्णाच्या मानेतून काढलेल्या चरबीत बोटांनी चाचपत ग्रंथी शोधायला लागल्या. मसुराएवढीसुद्धा सुटून चालत नाही, कारण एकीत जरी कर्करोगाच्या पेशी सापडल्या, तरी पुढचा उपचार बदलू शकतो.