तापलेला लोखंडी गोळा : तरुण वयातला आमवात

मागच्या व्याख्यानात आपण न्यायशास्त्रातलं अनुमान पाहिलं. डोंगरावर धूर आहे, म्हणून तिथे विस्तव आहे. त्यावर काही श्रोत्यांनी विचारलं, की सर, हे रोजच्या जगण्यात कुठे लागतं? आज एका आजाराचं उदाहरण घेतो. मी वैद्यकाचा माणूस नाही, तेव्हा औषध इथे ऐकून ठरवू नका. पण आजार ओळखण्याची रीत अनुमानाचीच असते, आणि ती चुकली तर विशीतल्या मुलामुलींचे सांधे कायमचे वाकडे होतात.

आजार म्हणजे ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस. आपण त्याला आमवात म्हणतो. बोलण्यात मात्र सगळाच 'संधिवात', आणि संधिवात म्हटलं की डोळ्यांपुढे येते गुडघा धरून जिना चढणारी आजी. आजीचा बहुधा झिजेचा संधिवात. आमवाताचं मूळ झिजेत नाही. शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच सांध्यांच्या अस्तरावर उलटते. अस्तर सुजतं, जाड होतं आणि शेजारची कूर्चा व हाड पोखरू लागतं. याला म्हातारपणाची वाट बघावी लागत नाही. बायकांमध्ये तो पुरुषांच्या दुप्पट-तिप्पट आढळतो. वयाच्या १६ वर्षांच्या आत सांध्याचा दाह सुरू झाला, ६ आठवडे टिकला आणि दुसरं कारण सापडलं नाही, तर डॉक्टर त्याला ज्युवेनाइल इडिओपॅथिक आर्थ्रायटिस म्हणतात. ते एका आजाराचं नाव नाही, एका कुटुंबाचं आहे. त्यातली एक शाखा मोठ्यांच्या आमवातासारखीच.

आता धूर कशाला म्हणायचं? नुसत्या दुखण्याला नाही. दुखणं शंभर कारणांनी येतं. खरा धूर म्हणजे सकाळचा ताठरपणा. उठल्यावर अर्धा तास, तास, कधी त्याहून जास्त वेळ मूठ वळत नाही, ब्रश धरवत नाही, कपड्याचं बटण लागत नाही. मग हालचाल सुरू झाली की सांधे हळूहळू मोकळे होतात. झिजेच्या दुखण्याचं उलट असतं, ते वापराने वाढतं. आमवातात बोटांच्या मुळाचे आणि मधले सांधे, मनगटं, पायाच्या बोटांची मुळं सुजतात, आणि बहुधा दोन्ही बाजूंची. सोबत थकवा. झोपूनही न जाणारा.

इथे जरा थांबा, कारण सगळी गफलत इथेच होते. सकाळी सातच्या तासाला उशिरा येणारी, लिहिताना मागे पडणारी एखादी मुलगी दुपारी मैत्रिणींबरोबर कँटीनमध्ये हसत चहा पिताना दिसते. घरी आई म्हणते, "कामाच्या वेळी बरे हात दुखतात हिचे!" प्राध्यापकांच्या खोलीत काय बोललं जातं तेही मी चाळीसेक वर्षं ऐकलं आहे. दुपारी ठीक आहे, म्हणजे सकाळचं नाटक होतं, असं हे अनुमान. बघा हं, जी गोष्ट आजाराकडे बोट दाखवते तीच आपण आजार नसल्याचा पुरावा म्हणून वापरतो! न्यायशास्त्रात अशा हेतूला 'विरुद्ध' म्हणतात. सिद्ध करायचं त्याच्या उलटच तो सिद्ध करतो. सकाळी आखडणं आणि दुपारी सुटणं हीच या आजाराची चाल आहे.

लहान मूल तर दुखतंय असं सांगतही नाही. सकाळी लंगडतं आणि शाळेत जाईपर्यंत पळायला लागतं. शिवाय यातल्या काही मुलांत डोळ्याच्या आत दाह होतो, न दुखता, डोळा लालही न होता. म्हणून डोळ्यांच्या डॉक्टरांकडून ठरलेल्या मुदतीने स्लिट-लॅम्प तपासणी करावीच लागते.

दुसरी गफलत रक्ताच्या कागदावरची. 'आरए फॅक्टर पॉझिटिव्ह' आलं की घरात रडारड, 'निगेटिव्ह' आलं की पेढे. पण हा फॅक्टर काही निरोगी माणसांतही सापडतो, क्षयासारख्या दुसऱ्या आजारांतही सापडतो. म्हणजे हा हेतू सव्यभिचार, साध्य सोडून इतरत्रही भटकणारा. आणि निगेटिव्ह आला तर? तापलेला लोखंडी गोळा आठवा. त्यात विस्तव असतो, धूर नसतो. आमवाताच्या बऱ्याच रुग्णांत हा फॅक्टर नसतो, आणि सांध्यांच्या दाहाच्या मुलांत तर तो फार थोड्यांतच असतो. अँटी-सीसीपी ही तपासणी जास्त भरवशाची, पण तीसुद्धा एकटी निकाल देत नाही. सुजलेला सांधा हाताने चाचपून बघणारा डॉक्टर लागतोच, आणि शक्यतो तो ऱ्हुमॅटॉलॉजिस्ट असावा.

घाई कशासाठी? तर हाडाची पोखरण पहिल्या एक-दोन वर्षांतच सुरू होऊ शकते, आणि झालेली पोखरण भरून येत नाही. सुरुवातीच्या काही महिन्यांत उपचार मिळाले तर आजार शांत होण्याची शक्यता खूपच जास्त.

मुख्य औषध मेथोट्रेक्सेट. हे कर्करोगावरच्या संशोधनातून आलं. अमेरिकेतल्या लेडर्ली प्रयोगशाळेत ते घडलं तेव्हा तिथे संशोधनाचे प्रमुख होते आपले भीमवरमचे येल्लाप्रगडा सुब्बाराव. आमवातासाठी त्याला अमेरिकेत अधिकृत मान्यता मिळाली १९८८ मध्ये. नीट ऐका, आमवातात ही गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. चुकून रोज घेतल्याने माणसं दगावली आहेत. वार ठरवा, कॅलेंडरवर खूण करा. गुण यायला ६ ते १२ आठवडे लागतात, आणि नेमके याच काळात लोक कंटाळून औषध सोडतात. सोबत फॉलिक ॲसिड असतं, आणि यकृताच्या व रक्ताच्या तपासण्या चुकवायच्या नसतात.

आणि मग कोणीतरी बिननावाची पुडी आणून देतं, दोन दिवसांत बरं वाटतं. अशा पुड्यांत पुष्कळदा स्टेरॉइड असतं. स्टेरॉइड वाईट असं मी म्हणत नाही. मेयो क्लिनिकमध्ये १९४८ साली फिलिप हेंच यांनी कॉर्टिझोन दिलं आणि अंथरुणाला खिळलेले रुग्ण चालू लागले. १९५० मध्ये नोबेल मिळालं. पण पुढे दुष्परिणामही दिसले. मोजून, थोड्या काळासाठी, डॉक्टरांच्या नजरेखाली दिलं तर उपयोगी. पुडीतून वर्षानुवर्षं घेतलं तर हाडं ठिसूळ होतात, मुलांची उंची खुंटते. दही-चिंच सोडल्याने आमवात थांबतो याला काही पुरावा नाही. सिगारेट मात्र सोडाच, तिने आजार बळावतो. सांधा सुजलेला असेल तेव्हा त्याला विश्रांती, एरवी व्यायाम. मुलांना खेळाच्या तासाला कायमचं बाकावर बसवून ठेवू नका.

एक चिठ्ठी आली आहे. "लग्न ठरताना मुलीने सांगावं का? मूल होईल का?" ताई, मुलाला आजार असला तर त्यानेही सांगावं, हे आधी. आणि मूल होऊ शकतं. मात्र मेथोट्रेक्सेट गर्भाला घातक आहे, म्हणून मूल होऊ देण्याच्या काही महिने आधी ते डॉक्टरांच्या सल्ल्याने थांबवून दुसरं चालणारं औषध घ्यावं लागतं. हे नियोजन नवऱ्यापासून लपवून कसं होणार? गरोदरपणात पुष्कळ जणींचे सांधे बरे राहतात. हेंच यांच्या नजरेत हेच आलं होतं, आणि तिथूनच त्यांचा शोध पुढे सरकला. बाळंतपणानंतर मात्र आजार उसळतो. तेव्हा डॉक्टरांची भेट आधीच ठरवून ठेवावी, आणि पहिले काही महिने सकाळी बाळाला उचलायला घरात दुसरं कोणीतरी असावं.