तबकडी कुणाची?

१९३३ सालच्या नोव्हेंबरात न्यूयॉर्कमध्ये तीन दिवसांच्या अंतराने दोन ध्वनिमुद्रणं झाली. २४ तारखेला बेसी स्मिथ गायली आणि ते तिचं शेवटचं ध्वनिमुद्रण ठरलं. २७ तारखेला अठरा वर्षांची बिली हॉलिडे पहिल्यांदा रेकॉर्डसाठी माइकसमोर उभी राहिली. दोन्ही योग जुळवून आणणारा माणूस एकच होता, जॉन हॅमंड. वय बावीस, आईकडून वँडरबिल्ट या गडगंज घराण्याचा वारसा, स्वतः वाजवण्यात नाव नाही. होते ते फक्त कान, आणि त्या कानांमागे धावायला लागणारा पैसा नि वेळ.

तिथून पुढची चाळीसेक वर्षं जॅझच्या रेकॉर्डमध्ये वाजवणारा आणि ऐकणारा यांच्या मधोमध हा तिसरा माणूस उभा राहिला. त्याला निर्माता म्हणू. जॅझच्या दर्दी मंडळींनी आजवर जितक्या त्वेषाने सॅक्सोफोनवादक लेस्टर यंग मोठा की कोलमन हॉकिन्स मोठा असा वाद घातला, तितक्याच त्वेषाने या निर्मात्यांचंही डावं-उजवं केलं. एकाच्या लेखी जो माणूस देव, तोच दुसऱ्याच्या लेखी लुटारू. हे वाद बहुतेक वेळा आवडीनिवडीवर लढले गेले. मला वाटतं, या माणसांना जोखायचे खरे निकष दोनच आहेत. त्यांनी वाजवणाऱ्याला वेळ किती दिला आणि करारात काय लिहून दिलं? या दोन्ही कसोट्यांना एकत्र उतरणारी माणसं फार थोडी निघतात.

हॅमंडचंच बघा. १९३६ साली शिकागोत गाडीतल्या रेडिओवर त्याने कॅन्सस सिटीहून येणारा काउंट बेसीचा वाद्यवृंद ऐकला आणि तो त्याच्या मागे लागला. पण त्याच्या आधी डेक्का कंपनीचा माणूस तिथे पोचला. बेसीने सही केली ती वर्षाला २४ बाजू, ७५० डॉलर आणि रॉयल्टी शून्य, अशा कागदावर. हॅमंडला हे कळलं तेव्हा तो संतापला, आणि त्या संतापात काही खोटं नव्हतं. पण याच हॅमंडने १९३५ साली ड्यूक एलिंग्टनवर असा लेख लिहिला, की जणू एलिंग्टनने आपल्या लोकांकडे पाठ फिरवली होती. बेसी स्मिथ १९३७ साली मोटार अपघातात गेली, तेव्हा गोऱ्यांच्या इस्पितळाने तिला दारातून परत पाठवल्याची ऐकीव गोष्ट त्याने ‘डाउनबीट’ मासिकात छापली. ती गोष्ट खरी नव्हती, पण पस्तीस वर्षं लोक तीच सांगत राहिले. १९७२ साली क्रिस अल्बर्टसनच्या चरित्राने ती खोडून काढली. बिली हॉलिडेच्या ‘स्ट्रेंज फ्रूट’ला कोलंबिया कंपनीने नकार दिला, तेव्हा हॅमंड त्या गाण्याच्या बाजूने उभा राहिला नाही. एप्रिल १९३९ मध्ये ते रेकॉर्ड केलं मिल्ट गेब्लरने. हा न्यूयॉर्कच्या ४२व्या रस्त्यावरचा रेकॉर्डचा दुकानदार, त्याचं कमोडोर हे लेबल जेमतेम वर्षभराचं होतं. मोठ्या कंपनीत बसलेल्या पारखी माणसापेक्षा दुकानाच्या गल्ल्यावर बसलेल्या माणसाचं धाडस मोठं निघालं. हॅमंडच्या चाहत्यांना हे ऐकायला आवडत नाही, पण आहे हे असं आहे.

हॅमंडचं सगळ्यात मोठं काम कदाचित एक मैफलच असावी. २३ डिसेंबर १९३८ रोजी कार्नेगी हॉलमध्ये त्याने ‘फ्रॉम स्पिरिच्युअल्स टू स्विंग’ हा कार्यक्रम केला. श्रोत्यांत बर्लिनहून आलेला आल्फ्रेड लायन नावाचा तिशीतला माणूस होता. तिथे ऐकलेल्या अल्बर्ट अॅमन्स आणि मीड लक्स लुइस या दोन पियानोवादकांना दोन आठवड्यांच्या आत, ६ जानेवारी १९३९ ला, त्याने स्टुडिओत नेलं. ब्लू नोट कंपनीचा जन्म तो. त्याच वर्षाच्या अखेरीस त्याचा बालमित्र, छायाचित्रकार फ्रान्सिस वुल्फ, नाझी जर्मनीतून निसटून त्याला येऊन मिळाला.

हे दोघे स्वतः वाजवत नव्हते. पण त्यांना एक गोष्ट उमगली होती, ती इतर कंपन्यांच्या हिशेबवह्यांत कधी बसली नाही. लायन तालमीचे पैसे देत असे. ध्वनिमुद्रणाआधी वादक एकत्र बसत, नवी रचना हाताखालून घालत, आणि त्या तासांचीही बिदागी त्यांना मिळे. मग पेशाने डोळे तपासून चष्मे देणारा रूडी व्हॅन गेल्डर न्यू जर्सीत हॅकेनसॅकला आपल्या आईवडिलांच्या दिवाणखान्यात ध्वनिमुद्रण करायचा. १९५९ साली त्याने एंगलवुड क्लिफ्सला स्वतंत्र स्टुडिओ बांधला. ‘ब्लू नोटचा आवाज’ म्हणून जो ओळखला जातो, त्याचं सगळं श्रेय त्याच्या माइकना देणारे पुष्कळ आहेत. पण त्याच दिवाणखान्यात, त्याच माइकवर, बॉब वाइनस्टॉकच्या प्रेस्टिज कंपनीच्या रेकॉर्डही होत असत, आणि त्या ऐकताना फरक लगेच कळतो. प्रेस्टिजमध्ये तालीम नसे. या, वाजवा, पैसे घ्या. तिथल्या कितीतरी रेकॉर्ड म्हणजे सगळ्यांना पाठ असलेली धून, पाळीपाळीने सोलो आणि पुन्हा धून. ब्लू नोटवर मात्र हॉरेस सिल्व्हरची रचना तिच्या वळणावळणांसकट उभी राहते. तो फरक तालमीचा आहे.

प्रेस्टिजच्या बाजूने बोलणारे लगेच माइल्स डेव्हिसचं नाव काढतात. ११ मे आणि २६ ऑक्टोबर १९५६ या दोन दिवसांत माइल्सच्या पंचकाने वाइनस्टॉकचा करार फेडून टाकण्यासाठी इतकं वाजवलं, की त्यातून चार अल्बम निघाले आणि चारही अभिजात मानले जातात. मग तालीम कशाला हवी? पण ते पंचक तोवर महिनोन् महिने क्लबांतून रोज रात्री तेच वाजवत होतं. वाइनस्टॉकच्या पदरात तयार पीक पडलं.

अर्थात ब्लू नोटची बाजूही धुतल्या तांदळासारखी नाही. लायनने रेकॉर्ड केलेलं सगळं त्याने बाजारात आणलं नाही. टीना ब्रुक्स या टेनर सॅक्सोफोनवादकाने १९५८ ते १९६१ मध्ये स्वतःच्या नावाने चार अल्बम भरतील एवढं वाजवलं. त्यातला ‘ट्रू ब्लू’ हा एकच त्याच्या हयातीत निघाला. त्याचं वाजवणं ऐकताना मला राग येतो तो याचाच. इतका मऊ, इतका विचारी सूर, आणि तो फितीच्या डब्यात पडून राहिला. लायन वाईट माणूस नव्हता, त्याच्याकडे भांडवल कमी होतं. १९६४ साली ली मॉर्गनचा ‘द साइडवाइंडर’ तुफान खपला, तेव्हा वितरक म्हणाले, दर खेपेला असंच द्या. छोट्या कंपनीचा गळा यशानेच आवळला गेला. पुढे ब्लू नोट लिबर्टी कंपनीच्या मालकीची झाली आणि १९६७ साली लायन निवृत्त झाला.

चाळीसच्या दशकाकडे थोडं मागे वळून बघायला हवं, कारण श्रोत्यांचं खरं युद्ध तिथे झालं. १ ऑगस्ट १९४२ पासून अमेरिकन वादकांच्या संघटनेने ध्वनिमुद्रणावर बहिष्कार टाकला, आणि बीबॉप ही जॅझची नवी तऱ्हा ज्या काळात आकार घेत होती त्या काळातलं फार थोडं रेकॉर्डवर उरलं. बहिष्कार उठल्यावर लोकांच्या कानांवर बीबॉप एकदम, तयारच आदळलं. मग जुन्या न्यू ऑर्लिन्स शैलीचे भक्त एकीकडे आणि चार्ली पार्कर आणि गिलेस्पी या बीबॉपवाल्यांचे भक्त दुसरीकडे. फ्रान्समध्ये ह्यूग पानासिये आणि शार्ल दलोने हे जुने सहकारी याच वादावरून कायमचे दुरावले. या भांडणांना नावं ठेवणारे बरेच आहेत. मी नाही ठेवत. कोणत्या रेकॉर्डवर कोण वाजवतंय, कोणत्या तारखेला, कुठल्या शहरात, याची शिस्तीत नोंद करायला सुरुवात केली ती असल्याच भांडखोर दर्दींनी. दलोनेचं ‘हॉट डिस्कोग्राफी’ १९३६ सालचं. कंपन्यांना स्वतःच्या वादकांची नावं लेबलावर छापायची फिकीर नव्हती, तेव्हा हे लोक ती शोधून काढत होते. समीक्षक लेनर्ड फेदर वादकांना नावं न सांगता रेकॉर्ड ऐकवायचा आणि मत विचारायचा. ट्रम्पेटवादक रॉय एल्ड्रिज १९५१ साली छातीठोकपणे म्हणाला, की वाजवणारा काळा की गोरा हे मी ऐकून ओळखीन. त्याची उत्तरं बरीचशी चुकली. त्या एका परीक्षेने किती तावातावाच्या लेखांची हवा काढून घेतली असेल!

याच काळात हॉलिवूडमध्ये रॉस रसेल नावाचा रेकॉर्डचा दुकानदार डायल हे लेबल चालवू लागला, तेही चार्ली पार्करच्या प्रेमापोटी. २९ जुलै १९४६ ला पार्कर स्टुडिओत आला तो व्यसनाच्या ओढीने आणि दारूने पार खचलेला. त्याला नीट उभं राहवत नव्हतं. तशा अवस्थेत त्याने ‘लव्हर मॅन’ वाजवलं. सूर उशिरा येतात, वाक्यं तुटतात. त्याच रात्री त्याच्या हॉटेलच्या खोलीत आग लागली, आणि शेवटी त्याची रवानगी कॅमरिलोच्या मनोरुग्णालयात झाली. रसेलने ती रेकॉर्ड बाजारात आणली. पार्करने त्याला कधीच माफ केलं नाही. बासवादक चार्ल्स मिंगससारख्याने मात्र तीच पार्करच्या उत्तम रेकॉर्डमध्ये गणली. दर्दी आजही यावर दोन तट करून भांडतात. माझ्या मते मिंगसचं ऐकणं खरं आहे आणि पार्करचा रागही खरा आहे. रेकॉर्ड थोर असली तरी ती काढायचा अधिकार रसेलचा नव्हता. कराराने तो त्याला दिला होता, एवढंच. त्या वर्षी पार्करने डायलच्या रॉयल्टीचा अर्धा वाटा स्वतःला अमली पदार्थ पुरवणाऱ्याच्या नावे लिहून दिला होता. अशा सह्यांच्या जोरावर उभा राहिलेला हा इतिहास आहे.

नॉर्मन ग्रँझ हा निर्माता मात्र कराराच्या कसोटीला उतरतो. १९४४ साली लॉस एंजेलिसमध्ये सुरू झालेल्या त्याच्या ‘जॅझ अॅट द फिलहार्मनिक’ या मैफलींच्या दौऱ्यात काळे-गोरे प्रेक्षक वेगळे बसवायला तो साफ नकार द्यायचा, आणि वादकांना पैसेही भरघोस मिळत. १९५५ साली ह्यूस्टनमध्ये पोलिसांनी पडद्यामागे फासे खेळल्याच्या सबबीवर त्याला, एला फिट्झजेराल्डला आणि गिलेस्पीला पकडलं. त्याचा खरा गुन्हा प्रेक्षागृहात होता. ग्रँझच्या जॅमसेशनच्या रेकॉर्ड पुष्कळदा सैल, आरडाओरड्याच्या आहेत, हे टीकाकारांचं म्हणणं मला मान्य आहे. तरीही त्याचं पारडं माझ्या लेखी जड आहे.

चाळीसच्या दशकाच्या अखेरीस स्टुडिओत टेप आली आणि निर्मात्याच्या हातात कात्री आली. इथून पुढचे वाद जास्त चुरशीचे. ७ जुलै १९५६ ला न्यूपोर्टच्या महोत्सवात एलिंग्टनच्या वाद्यवृंदातल्या पॉल गोन्झाल्विसने सत्तावीस आवर्तनांचा सोलो वाजवला आणि लोक खुर्च्यांवर उभे राहिले. पण तो भलत्याच माइकसमोर, व्हॉइस ऑफ अमेरिका रेडिओच्या, वाजवत होता. कोलंबियाच्या फितीवर तो लांबून आल्यासारखा उमटला. निर्माता जॉर्ज अवाकियनने बराचसा कार्यक्रम पुढे स्टुडिओत पुन्हा वाजवून घेतला आणि त्याला टाळ्या जोडल्या. तोच अल्बम एलिंग्टनचा सर्वांत खपाचा ठरला. १९९९ साली फिल शापने रेडिओची फीत शोधून दोन्ही फिती एकत्र बसवल्या, तेव्हा तो सोलो नीट ऐकू आला. फसवणूक म्हणायची का ही? ज्या रेकॉर्डने एलिंग्टनला पुन्हा उभं केलं, तिला मी तरी तो शब्द लावणार नाही.

१९५६ सालीच निर्माता ऑरिन कीपन्यूजने पियानोवादक थेलोनियस मंकचं ‘ब्रिलियंट कॉर्नर्स’ केलं. मंक तेव्हा कुणालाच नको होता. प्रेस्टिजला देणं असलेले १०८ डॉलर २७ सेंट फेडून कीपन्यूजने त्याला आपल्या रिव्हरसाइड कंपनीकडे आणलं होतं. अल्बमच्याच नावाची धून इतकी अवघड, की पंचवीस प्रयत्नांतही एकदा सलग पुरी झाली नाही. शेवटी तुकडे जोडून ती बनली. वाजवणाऱ्यांत सॉनी रॉलिन्स आणि मॅक्स रोच होते, म्हणजे दोष कुणाच्या हातांचा नव्हता. मॅक्स रोचनेच मिंगसबरोबर १९५२ साली डेब्यू हे स्वतःचं लेबल काढलं होतं, वादकांच्या मालकीचं. १९५३ च्या टोरांटोतल्या मैफलीची रेकॉर्ड त्यांनी काढली, तेव्हा मिंगसने आपला बास नंतर पुन्हा वाजवून त्यात भरला. कात्री फक्त कंपनीवाल्यांच्या हाती होती असं कुणी म्हणू नये.

निर्माता क्रीड टेलरबद्दल थोडक्यात. त्याच्या ‘गेट्झ/जिल्बर्टो’मधलं इपानेमाचं गाणं जगभर गाजलं. बाजारासाठी काढलेल्या छोट्या तबकडीतून झोआऊ जिल्बर्टोचा पोर्तुगीज आवाज कापून काढला होता, आणि ज्या आस्त्रूद या गायिकेच्या आवाजाने ते खपलं तिच्या हाती पडले १२० डॉलर. टेलरच्या रेकॉर्ड ऐकायला गोड आहेत. तो हिशेब मात्र गोड नाही.

या सगळ्या व्यवहाराला पाठ दाखवून निघून गेलेला माणूस म्हणजे सॉनी रॉलिन्स. १९६६ नंतर सहा वर्षं त्याने स्वतःच्या नावाचा नवा अल्बम केला नाही. या काळात तो मुंबईत पवईला स्वामी चिन्मयानंदांच्या आश्रमात येऊन राहिला. १९७२ साली तो परतला, तेव्हा ‘नेक्स्ट अल्बम’चा निर्माता पुन्हा कीपन्यूजच होता. सोळा वर्षांपूर्वी पंचवीस प्रयत्न शांतपणे ऐकून घेणारा माणूस त्याने निवडला, यात मला कीपन्यूजची खरी पावती दिसते. १९७८ साली मुंबईच्या पहिल्या जॅझयात्रेत रॉलिन्स वाजवून गेला.

आता राहिला निर्माता टिओ मॅसेरो. माइल्सच्या ‘काइंड ऑफ ब्लू’चं श्रेय त्याला देणारे अजून भेटतात, पण १९५९ सालच्या त्या दोन बैठका आयर्व्हिंग टाउनसेंडने सांभाळल्या. मॅसेरोचं खरं काम दहा वर्षांनंतरचं. ‘इन अ सायलेंट वे’मध्ये त्याने सुरुवातीचा भाग कापून शेवटी जसाच्या तसा पुन्हा जोडला. ‘बिचेस ब्रू’ ऑगस्ट १९६९ च्या तीन दिवसांत वाजवलं गेलं, पण ‘फॅरोज डान्स’ ही रचना म्हणून घडली मॅसेरोच्या टेबलावर, डझनाहून अधिक सांध्यांनी. १९९८ साली त्या बैठकांचा संच निघाला, तेव्हा मॅसेरो जाहीरपणे चिडला. त्याचं म्हणणं, आम्ही जे टाकून दिलं ते कुणी विकू नये. संच काढणाऱ्यांत मायकेल कस्कुना होता. हा मूळचा दर्दी श्रोता. १९७५ पासून ब्लू नोटचं कोठार धुंडाळून त्याने शंभराहून अधिक न निघालेल्या बैठका बाहेर काढल्या. टीना ब्रुक्सच्या चारही अल्बमांचा संच त्याच्याच मोझेइक कंपनीने १९८५ मध्ये काढला. ब्रुक्सला जाऊन तेव्हा अकरा वर्षं झाली होती.

‘बिचेस ब्रू’पुरता मी मॅसेरोच्या बाजूने आहे. ती रचना त्याची आणि माइल्सची मिळून आहे, आणि जो नव्याने ऐकणार त्याने आधी तीच ऐकावी. पण कस्कुनाला कोठाराच्या दाराशी अडवायला मी तयार नाही, कारण मग टीना ब्रुक्स ऐकायला मिळाला नसता.