अकरा कोरी कार्डे

१९९४ सालच्या पावसाळ्यात वरळीच्या बी.डी.डी. चाळीतील आमच्या खोलीवर एक पोस्टकार्ड आले. इमारतीचा क्रमांक, खोलीचा क्रमांक, आमचे नाव, सारे बिनचूक. पाठवणाऱ्याचे नाव मात्र कुठेच नव्हते. अक्षर गोल, शाळकरी मुलाचे असावे असे. मजकूर असा, की एका देवळात नाग निघाला, त्याने माणसाचे रूप घेतले आणि तो बोलला. ज्याच्या हाती हे कार्ड पडेल त्याने अशी ११ कार्डे लिहून पाठवावीत. एकाने पाठवली, त्याला १४ दिवसांत धनलाभ झाला. एकाने फाडून टाकले, त्याचा मुलगा दगावला.

असले पत्र ज्यांच्या घरी कधीच आले नाही, असे आमच्या पिढीचे वाचक थोडेच असतील. एरवी आम्ही ते हसण्यावारी नेले असते. पण त्याच आठवड्यात आमचा सात वर्षांचा मुलगा टायफॉइडने अंथरुणाला खिळला होता.

आम्ही कार्ड फाडले. आईने ते पाहिले.

आमची आई म्हणजे ७ डिसेंबर १९५६ ला, बाबासाहेबांच्या अंत्यविधीच्या दिवशी, दादर चौपाटीवर दीक्षा घेतलेली बाई. गावी जाऊन देव्हाऱ्यातले टाक तिने स्वतःच्या हाताने नदीत सोडले होते. बावीस प्रतिज्ञा तोंडपाठ. ती काही बोलली नाही. तिसऱ्या रात्री मुलाचा ताप १०४ वर गेला. औषध सुरू झाले तरी हा ताप उतरायला चार-पाच दिवस लागतात, असे डॉक्टरांनी बजावले होते. ते ठाऊक असूनही, खरे सांगायचे तर, कार्डावरचे ते शेवटचे वाक्य त्या रात्री आमच्याही डोक्यात घुमत राहिले. अंधश्रद्धेवर सभेत बोलणे सोपे असते. उशाशी पोर बरळत असताना गोष्ट वेगळी होते.

दुसऱ्या दिवशी तांदळाच्या डब्यात ११ कोरी कार्डे सापडली. १५ पैशांचे एक, म्हणजे एक रुपया पासष्ट पैसे. आईला लिहिता येत नव्हते. शाळेतून आल्यावर नातीने ती लिहायची, असे आजी-नातीचे गुपचूप ठरले होते. आम्ही रागाने काही बोलणार, तोच आमच्या सहचारिणीने पेन हाती घेतले आणि आईजवळ बसकण मारली. "सांगा आत्याबाई, पहिलं कार्ड कुणाला लिहू?"

आईने धाकट्या बहिणीचे नाव घेतले. मग म्हणाली, "नगं. तिच्या सुनंला दिवस गेल्यात."

"मग भाचीला?"

"तिचा नवरा गिरणीतनं घरी बसलाय. आधीच गांजलीय ती."

असे करता करता सगळे गणगोत संपले. कार्ड एकही लिहून झाले नाही. अनोळखी लोकांचे पत्ते ट्रंकेतल्या लग्नपत्रिकांवर होते. आईने त्यातली एक हातात घेतली, उलटसुलट केली आणि खाली ठेवली. "ह्यांच्या बी घरात पोर आसंल की."

केसपुत्त गावी तथागतांनी कालामांना सांगितले होते, की ऐकीव आहे, परंपरेने आले आहे म्हणून काही मानू नका. ज्याने अहित होते असे तुम्हालाच कळून येईल ते सोडा. आईने हे सूत्र वाचलेले नव्हते.

आमच्या मुलीने मग वहीत गुणाकार मांडला. प्रत्येकाने ११ पाठवली तर दुसऱ्या फेरीत १२१, तिसरीत १३३१, नवव्या फेरीत २३५ कोटींच्या वर. १९९१ च्या जनगणनेत सारा देश ८४ कोटींचा. तान्ह्या बाळासकट माणशी दोन कार्डे येऊनही उरली असती. तशी ती आली नाहीत. याचा अर्थ, बहुतेकांनी फाडलीच होती, आणि त्यांची मुले शाळेत जात होती.

आता तोच मजकूर मोबाइलवर येतो. नाग गेला, बाकी सगळे तसेच आहे. फरक एवढाच, की कार्डावर समोरच्याचे नाव-गाव लिहावे लागे. आई तिथेच अडली. मोबाइलवर बोट दाबले की भीती ११ घरांत पोचते, आणि कुणाच्या घरात पोर आहे हे आठवायलाही सवड मिळत नाही.

मुलाचा ताप सहाव्या दिवशी उतरला. गोळ्या मात्र डॉक्टरांनी सांगितल्या तितके दिवस पूर्ण दिल्या. आईने कार्डे वाया जाऊ दिली नाहीत. नातीला बसवून बहिणीला, भाचीला, गावाकडच्या दिराला खुशाली लिहायला लावली. दहा कार्डे अशी गेली. अकरावे पुष्कळ दिवस डब्यात होते. आमच्यासारखेच घाबरलेले कुणीतरी ते पत्र लिहून गेले, त्याला आईला विचारायचे होते, की तुमच्या पोराला आता बरं हाय का. त्याचा पत्ता आमच्याकडे नव्हता.