झाड तोडूनही जंगल राखता येते?

कळंबच्या चिंतामणीला जाताना यवतमाळ परिसरातले सागाचे जंगल लागते. उन्हाळ्यात ते वाळल्यासारखे दिसते, पण पानगळ ही सागाची पाणी वाचवण्याची रीत आहे.

सागाची आणखी एक खुबी म्हणजे बुंधा तोडला तरी खोडक्यातून नवे धुमारे फुटतात. चांगल्या इमारती लाकडासाठी मात्र साधारण साठ-ऐंशी वर्षे थांबावे लागते. मधल्या काळात दाटीतली कमजोर झाडे काढतात, त्याला विरळणी म्हणतात. त्यामुळे उरलेल्यांना ऊन, पाणी आणि जागा मिळते. हिशेब साधा आहे: वर्षाला जेवढे लाकूड वाढते, त्याहून जास्त तोडायचे नाही. व्याज खावे, मुद्दल राखावे.

वाद पुढे सुरू होतो. 1974 साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र वन विकास महामंडळाने मिश्र जंगल तोडून साग लावल्याची टीका होत आली. सागाची रांग लाकूड देते. मोह, तेंदू, चारोळी देत नाही. दुसरीकडे, लाकूड वापरलेच नाही, तर त्याची जागा सिमेंट आणि लोखंड घेतात, आणि ते तयार करताना कार्बन मोठ्या प्रमाणात हवेत जातो.

गडचिरोलीच्या मेंढा (लेखा) गावाने तिसरी वाट दाखवली. 2006च्या वनहक्क कायद्यानुसार हक्क मिळवून 2011 पासून ग्रामसभा स्वतःच बांबूची विक्री करू लागली. जंगलावर पोट असलेल्यांच्या हाती हिशेब असेल, तर मुद्दलाला हात लावण्याआधी ते दहादा विचार करतात.