एलडीएल शंभर, पण कण किती?

दोन माणसांचे लिपिड प्रोफाइलचे रिपोर्ट शेजारी शेजारी ठेवू. दोघांचे एकूण कोलेस्टेरॉल १८० आणि दोघांचे एलडीएल, म्हणजे ज्याला आपण वाईट कोलेस्टेरॉल म्हणतो ते, १००. पहिल्याचे एचडीएल, म्हणजे चांगले कोलेस्टेरॉल, ६० आणि ट्रायग्लिसराइड १००. दुसऱ्याचे एचडीएल ३० आणि ट्रायग्लिसराइड २५०. दुसऱ्याला मधुमेह आहे. एलडीएल शंभरच्या आसपास पाहून ‘कोलेस्टेरॉल ठीक आहे, आता साखर तेवढी सांभाळायची’ असे म्हणत तो रिपोर्ट फाइलला लावून टाकतो. हे समाधान फसवे आहे. या दोघांचे शंभर सारखे नाहीत.

कोलेस्टेरॉल रक्तात विरघळत नाही. प्रथिनांच्या वेष्टनातल्या सूक्ष्म कणांतून त्याची शरीरभर ने-आण होते, आणि मधुमेह बिघडवतो ती ही ने-आण. इन्सुलिन म्हणजे साखरेचे औषध एवढेच आपल्या मनात पक्के बसले आहे. पण चरबीच्या पेशींनी आपला साठा धरून ठेवावा, हेही इन्सुलिनच बघते. टाइप २ मधुमेहात पेशी इन्सुलिनला दाद देईनाशा होतात. मग साठवलेली चरबी सुटी होऊन यकृताकडे वाहत राहते, यकृत तिचे ट्रायग्लिसराइड करते आणि व्हीएलडीएल नावाच्या मोठ्या कणांत भरून रक्तात सोडते. पुढे अदलाबदल सुरू होते. रक्तातले एक प्रथिन व्हीएलडीएलमधले ट्रायग्लिसराइड एलडीएल आणि एचडीएलला देते, आणि त्यांच्याकडचे कोलेस्टेरॉल व्हीएलडीएलकडे नेते. आलेले ट्रायग्लिसराइड यकृतातल्या एन्झाइमने तोडले, की मागे उरते ते आकसलेले, घट्ट एलडीएल. एचडीएलही असेच लहान होते आणि रक्तातून लवकर नाहीसे होते. उच्च ट्रायग्लिसराइड आणि खालावलेले एचडीएल मधुमेहात जोडीने दिसतात, ते यामुळे.

एक क्विंटल ज्वारी पन्नास किलोच्या पोत्यांत भरली तर दोन पोती होतात, दहा किलोच्या पिशव्यांत भरली तर दहा पिशव्या. वजन तेच. रिपोर्टातला एलडीएलचा आकडा हे वजन आहे. धमनीच्या अस्तरात शिरून अडकतात त्या पिशव्या. कण लहान असले की तेवढ्याच कोलेस्टेरॉलसाठी ते जास्त लागतात, आणि जास्त कण म्हणजे अडकण्याची संधीही जास्त. प्रत्येक कणावर एपो-बी नावाचे प्रथिन नेमके एकच असते, त्यामुळे एपो-बीच्या तपासणीतून कणांचा चांगला अंदाज येतो. ती केली नसेल तरी हातातल्या रिपोर्टावरून एक वजाबाकी जमते: एकूण कोलेस्टेरॉलमधून एचडीएल वजा करायचे. पहिल्याचे उत्तर १२०, दुसऱ्याचे १५०. व्हीएलडीएलसकट सगळे घातक कण या एका आकड्यात येतात. मधुमेहींनी एलडीएलपेक्षा या आकड्याकडे आधी पाहावे, असे माझे ठाम मत आहे.

यावर पहिला आक्षेप असा, की मूळ दुखणे साखरेचे आहे, ती काटेकोर आटोक्यात ठेवली की हृदयही सांभाळले जाईल. साखर आटोक्यात हवीच. डोळे, मूत्रपिंड आणि नसा तिच्यावरच अवलंबून आहेत, आणि साखर उतरली की ट्रायग्लिसराइडही बरेचदा उतरते. पण तेवढ्याने भागत नाही. अमेरिका व कॅनडातल्या ‘अ‍ॅकॉर्ड’ चाचणीत दहा हजारांवर मधुमेही होते. त्यांतल्या एका गटाची तीन महिन्यांची सरासरी साखर औषधांनी ६ टक्क्यांच्या खाली आणण्याचा प्रयत्न झाला. त्या गटात मृत्यू वाढले आणि २००८ मध्ये तो भाग थांबवावा लागला. उलट ‘कार्ड्‌स’ चाचणीत, ब्रिटन व आयर्लंडमधल्या २,८३८ मधुमेहींना अ‍ॅटोरव्हास्टॅटिन या कोलेस्टेरॉल उतरवणाऱ्या स्टॅटिन औषधाची १० मिलिग्रॅमची गोळी किंवा बिनऔषधी गोळी दिली गेली. त्यांना हृदयविकार नव्हता, एलडीएलही फारसे चढलेले नव्हते. तरी हृदयविकाराचा झटका, पक्षाघात अशा मोठ्या घटना ३७ टक्क्यांनी घटल्या, आणि चाचणी ठरल्यापेक्षा दोन वर्षे आधी संपवली गेली. ‘आकडा नॉर्मल आहे, मग गोळी कशाला?’ या प्रश्नाला याहून थेट उत्तर मला माहीत नाही.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे: स्टॅटिनने साखर वाढते. हे खरे आहे, आणि रुग्णापासून ते लपवू नये. २०१० मध्ये १३ चाचण्यांचा एकत्र आढावा निघाला, तेव्हा २५५ जणांनी चार वर्षे स्टॅटिन घेतले तर एकाला जास्तीचा मधुमेह होतो असे दिसले. त्याच २५५ जणांमध्ये टळणाऱ्या हृदयाच्या व रक्तवाहिन्यांच्या घटना मात्र पाचांहून अधिक भरतात. ज्याला मधुमेह आधीच आहे, त्याच्यासाठी तर हिशेब आणखी सरळ आहे. साखर किंचित चढली तर तिचे औषध वाढवता येते. बंद पडलेल्या धमनीपुढचा मेलेला हृदयस्नायू परत मिळत नाही. स्नायूदुखी किंवा गरोदरपण यांसारख्या बाबतींत निर्णय डॉक्टरांनीच घ्यायचा, पण शेजाऱ्याच्या सांगण्यावरून गोळी परस्पर बंद करू नये.

‘मी बारीक आहे, माझ्या अंगात चरबी कुठली?’ हे तर आपल्याकडे फार ऐकू येते. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचेच उदाहरण छापले. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. मोजणी केल्यावर युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के निघाली आणि याज्ञिक यांच्या २१.२ टक्के.